नंबर जुळवला नव्हता

हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. सुधाशीही नाही. सुधा माझी बायको, आणि उजवा हात गेला तो तिचाच. सहा वर्षं झाली. तोंडापर्यंत येतं आणि मी गिळतो. किती गिळायचं माणसानं?

आमची गाडी जुनी, कंपनीनं कधीच बंद केलेली. पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी आर्म खराब झाला, तेव्हा नवा मिळेना. आमच्याच नानाखेडा भागातला कैलास मिस्त्री — वीस वर्षं आमची गाडी त्याच्याच हाताखाली — म्हणाला, कबाडी बाजारातून जुना आणा. पण त्या गाडीत दोन तऱ्हेचे आर्म यायचे, दिसायला अगदी सारखे. टोकाच्या पिनेच्या जाडीत काय तो बारीकसा फरक. म्हणून त्यानं आमचा खराब आर्म पिशवीत घालून माझ्याकडे दिला. दोन्ही शेजारी ठेवून बघा, कोरलेला नंबर जुळवा, मगच घ्या. एवढंच काम होतं माझं.

दुसऱ्या दिवशी बाबांचं वर्षश्राद्ध. राम घाटावरचा विधी आटोपून परस्पर बाजारात जायचं ठरलेलं. पण श्राद्धाच्या सामानाला खेटून, मी सोवळ्यात असताना, ते ग्रीसनं बरबटलेलं धूड? आमच्या घरात सोवळ्याचं भारी कौतुक. बाजारात ते तसंही मोडणारच होतं, पण हे तेव्हा कुठे सुचायला! पिशवी मी जिन्याखाली सारली आणि गेलो.

दुकानदारानं विचारलंही, पुराना पीस लाए हो? नाही म्हणालो. त्यानं चिंधीनं पुसून नंबर दाखवला. मी वाचल्यासारखं केलं — जुळवणार कशाशी होतो? घरी गुरुजी जेवायचे थांबले होते, आणि मला काळजी होती ती धोतराला डाग पडण्याची.

गॅरेजमध्ये कैलासनं आर्म हातात घेऊन उलटापालटा केला. "नंबर मिला लिया न, भैया?"

"हाँ, मिला लिया."

त्यानं विश्वास ठेवला. बोल्ट कसला, गाडी चालवून बघितली, सगळं ठीक वाटलं.

तीन आठवड्यांनी सुधा शाळेत शिकवायला निघाली होती. इंदूर रोडवर पिन सटकली, पुढचं चाक आडवं झालं आणि गाडी दुभाजकावर चढली. तिच्या मनगटाचा चुरा झाला. आज ती फळ्यावर लिहू शकत नाही. वेणी मी घालून देतो, वाकडीतिकडी.

गाडी ओढून घरी आणली, तेव्हा मी जिन्याखालची पिशवी उघडली. गाडीखाली सुटून लोंबणाऱ्या आर्मशेजारी जुना धरला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते. तेव्हा तरी बोलायचं ना?

आणि मी काय केलं? कैलास दवाखान्यात आला, सुधाच्या खाटेपाशी जमिनीवर बसला, रडत म्हणाला, "भाभीजी, हाथ तो मेरे थे." मी त्याच्यावर ओरडलो — शाळेतल्या बाया, नातेवाईक, सगळ्यांदेखत. गाडी एकदा बघू द्या म्हणून तो हात जोडत होता. मी त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. का, ते तुम्हाला कळलंच असेल. कॉलनीत बोभाटा झाला, लोकांनी गाड्या नेणं सोडलं, आणि वर्षभरात त्याचं गॅरेज बंद पडलं.

मागच्या आठवड्यात बाबांचं श्राद्ध करून घाटावरून निघालो आणि समोर आलेल्या ई-रिक्षात बसलो. चालकानं आरशात बघितलं. कैलास होता. केस सगळे पांढरे. उतरायची हिंमत झाली नाही.

"भाभीजी का हाथ कैसा है?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "आज भी सोचता हूँ भैया, मुझसे चूक कहाँ हुई. आपने तो नंबर मिलाया ही था."

सहा वर्षं हा माणूस स्वतःच्या हातांत चूक शोधतोय. आणि मला तोंड उघडायला नानाखेड्यापर्यंतचा अख्खा रस्ता होता.

"हाँ," मी म्हणालो, "मिलाया था."

हे त्याला सांगायचं होतं. सांगतोय तुम्हाला.