धुलाईघरातली गाडी

घरात तिला सगळे मौनीबाई म्हणायचे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. एखादं यंत्र उघडून बसली की जेवणाचं भान राहायचं नाही, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की मागच्या मागे पसार. परदेशातल्या पाच आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी तिची निवड झाली तेव्हा आई काळजीने म्हणाली, "अगं, तिथे तोंड उघडावं लागेल."

"उघडेन कामापुरतं."

तिकडे तिच्या गटात चौघं होते. दोघं इंजिनिअरिंगचे, दोघं व्यवसाय-व्यवस्थापन शिकणारे. रुग्णालयातले धुवायचे कपडे वाहून नेणाऱ्या ढकलगाड्या बनवणारा एक कारखाना त्यांच्या वाट्याला आला. नवी गाडी हलकी, देखणी. तरी रुग्णालयं जुन्याच गाड्या दुरुस्त करून वापरत होती. का, ते शोधायचं होतं.

गटातला एक उंच मुलगा व्यवस्थापनाचा, बोलण्यात पटाईत. त्याने प्रश्नावली करून रुग्णालयांच्या खरेदी अधिकाऱ्यांना पाठवली. सगळ्यांची उत्तरं आली, 'गाडी छान आहे.' बैठकीत तिने काही सांगायला सुरुवात केली, तर तिचं वाक्य त्यानेच पुरं केलं, आणि तेही भलतंच. तिने वही मिटली.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. आवाजावरून आत्याने ओळखलंच. "परत यायचंय का गं?"

"नाही आत्या. आधी ती गाडी ढकलून बघायचीय."

दुसऱ्या दिवशी ती परवानगी काढून रुग्णालयाच्या धुलाईघरात गेली. तिथल्या मुकादमबाई पन्नाशीच्या. त्यांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि भरलेली नवी गाडी पुढे केली. "ढकल."

चौथ्या खेपेला तिचे खांदे भरून आले. दांडा जवळजवळ छातीशी येत होता आणि कपड्यांच्या ढिगापलीकडचं काही दिसत नव्हतं. बाकीच्या बायका खालच्या दांड्याच्या जुन्या गाड्या ओढत होत्या.

"तुम्हाला कुणी विचारलं नाही?" तिने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

"विचारतात की. वरच्या साहेबांना."

तिने टेप काढली आणि नऊ बायकांच्या कोपरांची जमिनीपासूनची उंची मोजून वहीत लिहिली. एकीचंही कोपर नव्या दांड्यापर्यंत पोचत नव्हतं. उंच मुलाला दाखवल्यावर तो म्हणाला, "सर्वेक्षणात असं काही नाही."

"मग उद्या माझ्याबरोबर चल."

तो आला. त्याला गाडी अगदी सोयीची वाटली. पण त्या बायकांना दिवसभर पाहिल्यावर त्याने तिच्या वहीतले आकडे स्वतःच उतरवून घेतले. परतताना तो म्हणाला, "कारखान्यात तूच बोल. मध्ये तोंड घालणार नाही."

ती बोलली. दोनदा अडखळली, शब्द सापडेना तेव्हा फळ्यावर चित्र काढलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "दांडा खाली घेतला तर उंच माणसांनी काय करायचं?"

याचा विचार तिने केलाच नव्हता. "आत्ता माहीत नाही," ती म्हणाली, "दोन दिवस द्या."

दोन दिवस चौघं कारखान्यातल्या वेल्डरकाकांच्या मागे लागले. काकांनी कुरकुर करत दांड्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं पाडून दिली, दांडा वर-खाली करता येईल अशी. नमुन्याची गाडी धुलाईघरात पोचली आणि ती आधी कुणी न्यायची यावरून बायकांत चांगलीच जुंपली. निघायच्या आधल्या दिवशी मालकांनी पहिल्या चाळीस गाड्यांचं काम सुरू केलं.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने आपल्याच गावातल्या रुग्णालयाचं धुलाईघर निवडलंय. पुढच्या महिन्यात तिच्या कॉलेजात तीन आठवड्यांसाठी परदेशी विद्यार्थी येतायत, त्यात तो उंच मुलगाही आहे. येताना काय आणू, असं त्याने विचारलं. तिने कळवलं, "मऊ तळव्याचे बूट आण. पहिल्या दिवसापासून गाड्या ढकलायच्यात."