शिट्टी वाजेपर्यंत

माझा धाकटा दीर शशी सायकलीवरून पडून मेला नाही. हे आधी सांगते, कारण चामराजपेटेत आमच्या गल्लीत अजून तसंच बोलतात. सकाळचा सराव संपवून तो सोबतच्या पोरांबरोबर इडली खायला थांबला होता. ‘स्वल्प बसतो’ म्हणून कट्ट्यावर टेकला, तो उठलाच नाही. त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या मृणालचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. ती पोर नुसती ‘आजी, अण्णा... आजी, अण्णा...’ करत होती. मी म्हटलं, गेला का ते सांग. ती रडायला लागली, तेव्हा कळलं.

मी लग्न होऊन निपाणीहून या घरात आले तेव्हा शशी पहिलीत होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून त्याला आंघोळ घालणं, शाळेत सोडणं माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली. त्याचे पाढे घेता घेता माझेही पक्के झाले. हट्टी होता, कामाला चोख होता आणि थोडा बढाईखोरही होता. मेला म्हणून ते लपवत नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर जन्म गेला. निवृत्त झाला, पाठोपाठ त्याची बायको उषा गेली, मग त्याच्या हृदयात स्टेंट बसवला. मुलगा अजित पुण्याला. डॉक्टर म्हणाले, चाला, सायकल चालवा, पण हळू. यानं सायकल तेवढं ऐकलं.

रविवारी बोम्मसंद्र्यातले बरेच कारखाने बंद असतात, रस्ते रिकामे. तिथं इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरदार पोरं शर्यतीचा सराव करायची. शशी त्यांच्यात शिरला. मृणाल मूळची पुण्याची, त्याला शिकवणारी तीच. ही शर्यत एका गावाहून दुसऱ्या गावाला जात नाही. रस्त्यांचा एक लहान चौकोन बंद करतात आणि त्यालाच फेऱ्या मारायच्या. मी म्हटलं, त्यापेक्षा घाण्याचा बैल बरा, फिरला तर तेल तरी निघतं. तो म्हणाला, बैलाला मागून कोणी धक्का मारत नाही वैनी. कारण सगळे कोपराला कोपर लावून घोळक्यानं जातात. वळणात मध्येच ब्रेक दाबला की मागचा अंगावर येतो. म्हणून वेग आधीच उतरवायचा, आतल्या बाजूचं पेडल वर घ्यायचं आणि नजर जिकडे जायचं तिकडे ठेवायची. हे सगळं तो जेवताना मला वाट्या फिरवून दाखवायचा. आमटी सांडायची, मी ओरडायची, तो पुन्हा दाखवायचा.

आणि पुढची मंडळी अख्खी एक फेरी पुढे जाऊन तुम्हाला मागून गाठायला आली, की शिट्टी मारून तुम्हाला बाहेर काढतात. त्या शिट्टीचीच त्याला धास्ती होती.

अजितचा फोन आला. म्हणाला, काकू, डॉक्टरांनी शर्यतीला साफ नाही म्हटलंय, बाबा फक्त तुमचं ऐकतात, तुम्ही थांबवा. मी म्हटलं, थांबवते. थांबवायचं म्हणूनच एका रविवारी मृणालच्या गाडीतून गेले. एका वळणावर कारखान्याच्या फाटकाशी वॉचमननं मला त्याची खुर्ची दिली. पहिल्या काही फेऱ्या शशी घोळक्यात होता. मग मध्ये अंतर पडलं, ते वाढत गेलं. मृणालनं शिट्टी मारली. तो उतरून माझ्याजवळ आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

मी म्हटलं, “बास झालं, शशी. अजितला मी शब्द दिलाय.”

तो पाणी प्यायला. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग म्हणाला, “वैनी, स्टेंट बसवल्यापासून सगळे माझ्या हातातली पिशवी काढून घेतात. जिना चढताना कोणीतरी मागं उभं राहतं. इथं माझ्यासाठी कोणी हळू जात नाही. तेवढं एकदा खऱ्या शर्यतीत होऊ दे.”

त्याच दिवशी सकाळी गाडीत बसताना मीही त्याच्या हातातली पिशवी घेतली होती.

विचारलं, “छातीत कळ आली तर उतरशील?”

“उतरेन.”

“माझी शपथ घे.”

“तुझी नको. तू आधीच म्हातारी.”

घरी येऊन अजितला फोन केला आणि सांगितलं, मी काही त्याला थांबवणार नाही. तो बराच वेळ बोलला, मी ऐकून घेतलं. शेवटच्या आठवड्यात शशी अर्धी भाकरी ठेवून उठायचा. अंग हलकं हवं म्हणायचा. ते खरं असेल... नसेलही. कळ येत होती का, हे त्याला ठाऊक होतं आणि तो सांगायला राहिला नाही.

खरी शर्यत तो गेल्यावर आठवड्याच्या आत होती. घरात सुतक. मी मृणालबरोबर गेले. माझी मधली जाऊ म्हणाली, अक्का, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, घालू देत. ज्याच्यासाठी माझा पोर गेला, ते मला बघायचं होतं. बघितलं. थोडा वेळ रंगीत पोरं झपझप वळणं घेत राहिली. शशीच्या वयाचा एक पांढऱ्या केसांचा माणूस मागं पडला, शिट्टी वाजली, तो बाहेर आला. बायकोनं पाणी दिलं, दोन शब्द सुनावले. तो हसला, केळं सोलून खाल्लं आणि सायकल ढकलत तिच्याबरोबर घरी निघाला. एवढंच. शिट्टी म्हणजे एवढंच होतं. त्या माणसानं माझं काही वाईट केलं नव्हतं, तरी त्याच्याकडे मला बघवेना.

तेराव्याला अजित म्हणाला, काकू, तुम्ही एक शब्द टाकला असता तर. मी म्हटलं, टाकला असता तर तो घरी बसला असता, कदाचित आज असता. ते मी नाकारत नाही. पण स्टेंटनंतर घरी बसून तो कसा झाला होता, ते तू बघितलं नव्हतंस, तू पुण्यात होतास. मग जायच्या दिवशी तो बोळात सायकल बघून म्हणाला, ही घरात नका ठेवू, हिनंच बाबांना नेलं.

“नेलं की इतके दिवस ठेवलं,” मी विचारलं, “तुला नक्की ठाऊक असेल तर सांग. आज बाहेर काढते.”

तो बॅग उचलून गेला.

बोळ अरुंद आहे. येता-जाता पदर पेडलला अडकतो. मी तो सोडवून घेते आणि पुढे जाते.