काट्यावरचे कॉम्रेड

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकचं वजन करायच्या काट्यावर ते बसायचे. सगळे त्यांना कॉम्रेड म्हणत, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. मी रोज वजनाची पावती घ्यायला जायचो. दसऱ्याला ड्रायव्हरांनी काट्याला घातलेला झेंडूचा हार ते स्वतः उतरवत आणि म्हणत, "यंत्राला तेल लागतं, फुलं नाय."

एकदा मी डिवचलं, "तुमचा मार्क्सवाद म्हणजेसुद्धा श्रद्धाच की!"

चिडायचं सोडून ते खूशच झाले. "हा काटा आमी दरवर्षी तपासून घेतो ना? तसंच ते शास्त्र हाय. चुकलं तर दुरुस्त करायचं."

"मग सापडल्या का चुका?"

त्यांनी खणातून एक जाडजूड लाल पुस्तक काढलं. समासात पेन्सिलीनं काढलेली प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं! मला दाखवता दाखवता पुस्तक हातातून निसटलं आणि धपकन खाली पडलं. कॉम्रेडांनी ते चटकन उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि कपाळाला लावलं.

मी बघतोय हे लक्षात आल्यावर ते ओशाळून हसले.

"हे आईनं शिकवलंय," ते म्हणाले. "तिला तपासायची आपली हिंमत नाय."