आबांच्या मापाची कानटोपी

ओल्या लोकरीचा वास आला की मला जगाच्या दक्षिण टोकाचं ते बंदर आठवतं. बर्फाच्या सफरीला निघालेल्या बोटीवर मी स्वयंपाकी होतो आणि सुटायच्या आदल्या दिवशी शहर बघत हिंडत होतो. रंगीत पत्र्यांची घरं, माणसाला ढकलणारा वारा, जिकडंतिकडं लोकरीची दुकानं. आजारी वडिलांसाठी, आबांसाठी, कानटोपी घेतली आणि दौंडला शेजारच्या मामांच्या दुकानात फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता. "आबा झोपलेत रं. बरे हायेत. तू जा बिनघोर," मामा म्हणाले. तेवढ्यात मागून मामींचा आवाज आला, "पिठलं-भाकरी देऊन येते आबांच्या घरी. सकाळपासून कुणी घास घेतला न्हाई." आमच्यात शेजारचं पिठलं घरात येतं ते मयत झाल्यावर, चूल पेटवायची नसते तेव्हा. मामा मोठ्यानं खोकायला लागले. मी म्हणालो, "बरं, उठवू नका त्यांना," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी बोट सुटली, मी सगळ्यांचं जेवण रांधलं. ती टोपी आता मीच घालतो. सैल आहे, सारखी डोळ्यांवर येते. मी येऊ देतो.