सूतगिरणीतल्या मुलीचा निरोप

लंडनजवळच्या मेडनहेडच्या ऑफिसात माझं काम काय, तर आमची कंपनी विकते त्या टी-शर्टांतला कापूस कुठून येतो आणि तो कोणाला वेठीला धरून वेचलेला किंवा कातलेला नाही ना, याचे फॉर्म भरून घेणं. कपडे शिवणारा म्हणतो सूतगिरणीला विचारा, सूतगिरणी म्हणते सरकी काढणाऱ्या जिनवाल्याला विचारा, जिनवाला म्हणतो व्यापाऱ्याला. व्यापारी विचारतो, फॉर्म कसला? निव्वळ कापूसकोंड्याची गोष्ट. आठ वर्षं ती ऐकून मी आता विटले आहे.

दरवर्षी आम्हाला एक ट्रेनिंग असतं. त्यात इथल्या लँकेशायरच्या जुन्या कापडगिरण्यांचे फोटो दाखवतात. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस जहाजाने यायचा, इथले लोक तो कातून-विणून जगभर विकायचे आणि रविवारी स्वच्छ मनाने चर्चला जायचे. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, तेव्हा यांची नजर आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. आमच्याकडे रेल्वे किती लवकर आली, जिन-प्रेस कसे उभे राहिले, हे मी पुण्यात सासरी कितीदा मिरवलंय. ते सगळं कोणाच्या गरजेपोटी आलं, हे ते फोटो बघेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात वऱ्हाडातल्याच एका सूतगिरणीची व्हिडिओ कॉलवर तपासणी होती. माझी मॅनेजर, स्वभावाने भली इंग्लिश बाई, शेजारी बसली आणि दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. गिरणीच्या सुपरवायझरने आधी माझं गाव विचारलं. ते त्याच्या मामाच्या गावाशेजारचं निघालं. मग काय, मी लगेच ‘आपली ताई’ झाले, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

त्याने एका मुलीला समोर बसवलं आणि स्वतः तिच्या मागे उभा राहिला. विशीतली असेल, डोक्याला रुमाल, भुवयांवर कापसाचे तंतू. होस्टेलमधून बाहेर जाता येतं का, असं मी विचारलं. विचारून जाता येतं, म्हणाली. फोन ऑफिसात जमा असतो. त्रास काहीच नाही. सगळं ती पाठ केल्यासारखं सांगत होती. तेवढ्यात सुपरवायझरला दारातून कोणी हाक मारली, तो वळला आणि ती पुढे वाकली.

“ताई, माह्या मायले एक फोन लावसान का? म्हणा, मी बरी आहो. फोन नाही आला म्हणून रडू नको म्हणा.”

तिने घाईघाईने नंबर सांगितला आणि मी तो लिहून घेतला. मॅनेजरने विचारलं, “व्हॉट वॉज दॅट लास्ट बिट?”

“शी सेज शी इज फाइन,” मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं, आणि तोच माझा लबाडपणा. घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत, त्यातून गोऱ्या बाईसमोर तर नाहीच, हे आमच्या हाडात मुरलेलं. शिवाय मी थकले होते. खरं सांगितलं असतं तर पुन्हा तपासणी, पुन्हा अहवाल. त्याच आठवड्यात आमच्या बाईंग टीमने त्या सुताचा भाव आणखी खाली ओढला होता, त्यामुळे तक्रार कोणालाच नको होती. मॅनेजरने ‘नो कन्सर्न्स’वर टिक केली आणि खाली माझी सही झाली.

लंचला नदीकाठच्या बाकावर बसून मी तो नंबर लावला. मुलीच्या आईने उचलला. मी निरोप सांगितला. तुम्ही कोण, असं तिने हळूच विचारलं. तुमची मुलगी कातते त्या सुताचे कपडे विकणाऱ्या कंपनीतून, लंडनजवळून बोलतेय, असं मी सांगितलं. त्याबरोबर तिचा आवाज बदलला, एकदम अदबशीर झाला.

“मंग मालकीणबाई, दिवाईले सोडसान न तिले घरी?”

अहो, मी मालकीण नाही, साधी नोकर आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

“बघते,” मी म्हणाले, मालकिणी म्हणतात तसंच.