लेफ्टनंट एन. के. ओव्हाळ

पेन्शनवर आल्यावर माझी पहिली पोस्टिंग भुकूमला झाली. साल २००६. नव्या सोसायटीचं गेट, सहा गार्ड, एक रजिस्टर आणि मी सुपरवायझर. सकाळी सातला हजेरी, साडेसातला पाण्याचे टँकर, आठपासून हिंजवडीला निघणाऱ्या गाड्यांची रांग. बावीस वर्षं फौजेत असेच घड्याळावर दिवस काढले होते, त्यामुळे काम जड गेलं नाही. खटकायची ती एकच गोष्ट. पहिल्या दिवसापासून सगळे मला ‘मेजर’ म्हणायला लागले. मी हवालदार म्हणून रिटायर झालो. मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभ असतो, माझ्या बाहीवर तीन फिती होत्या. पण मुळशीत फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. पंधरा दिवस मी लोकांना समजावलं, मग नाद सोडला.

२००९च्या नोव्हेंबरात एका रविवारी बी विंगमधल्या पल्लवी वानखेडे मॅडम गेटवर आल्या. मूळच्या अमरावतीच्या, नोकरी आयटीत, नाद जुन्या नाण्यांचा. हातात एक डबी होती.

“काका, हे बघा! गॅलन्ट्री मेडल. ऑनलाइन ऑक्शनमध्ये जिंकलं. तीन जणांना मागे टाकलं मी.”

मी मेडल उचललं आणि पुढून-मागून न बघता कड बघितली. फौजी मेडलची खरी ओळख कडेवर असते. ज्याला मिळालं त्याचा नंबर, रँक आणि नाव तिथे इंग्रजीत बारीक अक्षरात कोरलेलं असतं.

“मॅडम, हे नऊ वर्षांचं मेडल हाय.”

“म्हणजे?”

“नऊ वर्षं धड नोकरी केली की मिळतं. मला बी मिळालंय. आमच्या लंगरच्या कुकला बी मिळालंय.”

त्यांनी मोबाइलवर विक्रेत्याचं वर्णन दाखवलं. ‘दुर्मीळ शौर्य पदक, सप्टेंबर महिन्यात प्रदान.’

“सप्टेंबर कुटनं आला?”

“हे काय, कडेवर आहे ना. एस, ई, पी.”

मी असा हसलो, की आतून गार्ड धावत आला. एस ई पी म्हणजे सिपॉय. शिपाई. कुणा शिपायाच्या नऊ वर्षांच्या नोकरीचा विक्रेत्याने महिना करून टाकला होता. मॅडम आधी लाल झाल्या, मग त्याही हसल्या. मग त्यांनी किती मोजले ते सांगितलं. तो माझा दीड महिन्याचा पगार होता, तेव्हा मी पुन्हा हसलो नाही.

पुढच्या रविवारी दुपारी त्या लॅपटॉप घेऊन क्लबहाउसमध्ये बसल्या आणि मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, “काका, आता फसायचं नाही. तुम्ही बघा, मी शिकते.” तेव्हापासून दर रविवारी तीन ते चार आमचा हा वर्ग चालायचा. मला त्यात मजा येऊ लागली, हे कबूल करतो. पलटणीच्या शिंप्याकडे परेडसाठी मेडलच्या नकला मिळायच्या, कड कोरी असलेल्या. त्या इथे ‘रणभूमीवर सापडलेलं पदक’ म्हणून दामदुपटीने चालल्या होत्या. एका गड्याने तर रिबन उलटी शिवून तिलाच दुर्मीळ म्हटलं होतं. मी एकेकाची हजेरी घ्यायचो, मॅडम वहीत लिहून घ्यायच्या.

डिसेंबरातला तिसरा रविवार. मॅडम त्या सप्टेंबरवाल्या विक्रेत्याचंच पान बघत होत्या.

“हा ऑफिसर दिसतोय, काका. लेफ्टनंट एन. के. एस. बी. ओव्हाळ. हिमालयातलं शिखर जिंकल्याबद्दल शौर्य पदक. बापरे, अकरा बोली लागल्यात.”

“कड दाखवा.”

त्यांनी फोटो मोठा केला. मी नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे एक आणि आठ. माझ्या नंबरचे शेवटचे दोन आकडे एक आणि सात आहेत. बाकी सगळे तेच.

मी खुर्चीवरून उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

नंबर लागोपाठ असण्याचं कारण साधं आहे. १९८४ साली भरतीच्या रांगेत मी पुढे होतो आणि माझ्या मागे मुळशीतल्याच चांदे गावचा सुभाष ओव्हाळ. तो पुढे उभा राहिला असता तर सतरा त्याला मिळाला असता. पळण्यात तो माझ्या दुप्पट होता, तोंडाने चौपट. त्या तोंडापायी त्याची एक फीत एकदा गेली, मग परत मिळाली. मी तीन फितींचा हवालदार झालो तेव्हा तो एका फितीचा लान्स नायकच होता. मला सगळ्यांसमोर सॅल्यूट ठोकायचा आणि कोपऱ्यात नेऊन म्हणायचा, “सतरा, लई माजू नगंस. रांगेत धक्का मीच दिल्ता तुला.”

१९९८च्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. नाव लिहीत नाही. दिनक्रम ठरलेला. पहाटे पाचला बर्फ वितळवून चहा, सहाला वायरलेस सेट चालू, नऊनंतर लिंक पेट्रोल. आमच्या पोस्टपासून पुढच्या पोस्टपर्यंतची वाट आणि टेलिफोनची केबल बघून यायची, हे लिंक पेट्रोलचं काम. मी कंपनीच्या सेटवर असायचो आणि लॉगमध्ये नोंदी करायचो.

त्या दिवशी ०९४० ला चौघं निघाले. पुढे सुभाष, कमांडर तोच. ११२० ला सेट वाजला.

“स्लाइड आया है. दो आदमी नीचे. ओव्हर.”

“तुम ठीक हो? ओव्हर.”

“मैं ठीक. खोद रहा हूँ. ओव्हर.”

चौथ्या माणसाला त्याने मदत आणायला मागे पाठवलं आणि स्वतः जेवणाच्या मेस टिनच्या झाकणाने बर्फ उकरायला लागला. आमची मदतीची पार्टी निघाली, पण तिला पोचायला पाऊण तास लागणार होता. ११४५ ला पुन्हा आवाज आला, धापा टाकत.

“एक मिला. कदम. जिंदा है. ओव्हर.”

“वहीं रुको. पार्टी आ रही है. ऊपर और बर्फ है. ओव्हर.”

यावर तो मराठीत बोलला. सेटवर मराठी बोलायला मनाई होती.

“सतरा, जाधव खाली हाय रं. आलोच.”

११५२ ला दुसरी स्लाइड आली, वरचा बर्फाचा कडा कोसळला. तिचा आवाज मला सेटवर नाही, थेट कानाने ऐकू आला. पार्टी पोचली तेव्हा कदम वाटेच्या कडेला बसवलेला होता, बेशुद्ध, आणि त्याच्या अंगावर सुभाषचा कोट होता. मे महिन्यात बर्फ उतरल्यावर जाधव आणि सुभाष दोघंही सापडले, एकमेकांपासून चार हातांवर.

लॉगमध्ये मी त्या वेळी एवढंच लिहिलं होतं: ‘११५२. एल एन के ओव्हाळ से संपर्क टूटा.’ एल एन के म्हणजे लान्स नायक. आमच्या कंपनी कमांडर साहेबांनी सुभाषच्या शौर्य पदकासाठी शिफारस पाठवली होती. पण डोळ्यांनी बघणारा एकच माणूस होता, कदम, आणि त्याला शुद्ध नव्हती. पुढे काही झालं नाही. त्या उंचीवर ठरावीक दिवस काढलेल्या सगळ्यांना मिळतं ते हाय अल्टिट्यूडचं मेडल मात्र दोन-तीन वर्षांनी टपालाने सुभाषच्या बायकोकडे, सविता वहिनींकडे आलं. तेच हे.

ते हरवलं कसं, हे मला ठाऊक होतं. २००७ साली वहिनींनी चांद्याचं जुनं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा फौजेची ट्रंक भंगारात गेली. मेडल ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली होतं. वहिनींनी हे फक्त मला सांगितलं होतं. “भावजी, ट्रंक म्याच हातानं उचलून दिली की वो. गंजली म्हनून.” सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनाला त्यांना मानाने बोलावतात. गेलेल्या फौजीची बायको त्याचं मेडल उजव्या बाजूला लावते, डाव्या नाही. मेडल गेल्यापासून दोन वर्षं वहिनी झेंडावंदनाला गेल्याच नाहीत. तब्येत बरी नाही, असं कळवायच्या.

हे सगळं मी पल्लवी मॅडमना खिडकीशी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी लगेच विक्रेत्याला निरोप टाकला. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. माणूस पुण्याचा, बोलणं गोड.

“काका, मला रोज कुणीतरी असा निरोप पाठवतं. कुणाचे आजोबा, कुणाचे काका. मी माल वजनावर घेतलाय, चोरीचा नाही. आणि अकरा बोली लागल्यात.”

“बोली लेफ्टनंटला लागल्यात. कडंवर लान्स नायक हाय.”

“एल म्हणजे लेफ्टनंट. पुढे आद्याक्षरं. एन. के. एस. बी.”

“एल एन के ही रँक हाय, साहेब. एस. बी. म्हंजे सुभाष भाऊराव. मी त्याला चौदा वर्षं वळखत हुतो. आन् हे शौर्याचं मेडल न्हाई. घेनाऱ्याला उद्या कुनी सांगितलं, तर परत पाठवंल का न्हाई तुमाला?”

त्याला हिशेब कळला. मग म्हणाला, “तसं असेल तर हा लिलाव रद्द करून परत लावतो. पण वर्णन तुम्हीच लिहून द्या. नंतर माझ्यावर यायला नको.”

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मेडल आवाक्यात यायचं तर ते साधं आहे, हे मलाच लिहून द्यावं लागणार होतं. मॅडम टाइप करायला बसल्या, मी सांगायला लागलो. हाय अल्टिट्यूड सर्व्हिस मेडल. लान्स नायक, अधिकारी नव्हे. त्या उंचीवर नेमणूक झालेल्या प्रत्येकाला मिळते. पुढचं वाक्य ‘शौर्यासाठी नाही’ असं होतं. ते काही तोंडातून निघेना. अकरा वर्षांपूर्वी लॉगमध्ये एक ओळ लिहून मी त्याचं सगळं आटोपलं होतं, आणि आता ही दुसरी. मला स्वतःचा राग आला.

मॅडम म्हणाल्या, “काका, खोटं लिहू का?”

“न्हाई. लिवा. शौर्यासाठी नाही.”

नवा लिलाव सात दिवसांचा होता, पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला संपणारा. मॅडमनी मूळ किमतीची पहिली बोली लावून ठेवली. रविवारी मी पाचलाच क्लबहाउसमध्ये जाऊन बसलो. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. दुसरी बोली नाही. मागच्या आठवड्यात लेफ्टनंटसाठी लोक अकरा बोलींपर्यंत हमरीतुमरीवर आले होते, लान्स नायकाकडे कुणी वळून बघितलं नाही. कुणी येऊ नये म्हणून मी मुठी आवळून बसलो होतो, आणि कुणी येत नाही याचं मला वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम. पाच अठ्ठावन्नला मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सहाला पडद्यावर ‘तुम्ही जिंकलात’ असं आलं. मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या आणि मी चष्मा पुसायला लागलो.

मंगळवारी स्वतः पुण्याला जाऊन मेडल ताब्यात घेतलं. कड बोटाने चाचपून बघितली. तिथून थेट चांदे.

वहिनी अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी डबी सुपाच्या कडेवर ठेवली. त्यांनी उघडली, मेडल बाहेर काढलं आणि किती तरी वेळ पदराने पुसत राहिल्या. ते आधीच स्वच्छ होतं. त्या रडल्या नाहीत. मग विचारलं, कुठे सापडलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. लेफ्टनंटचंही सांगितलं, जरा चिडूनच.

त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता रडतील. पण त्या हसत होत्या.

“भावजी, अख्खं गाव त्यास्नी मेजर म्हनायचं. त्या पुन्यावाल्यानं लेफ्टनंट केलं, म्हंजे खालीच आनलं की वो!”

मीही हसलो. सुभाष असता तर हा विनोद त्याने वर्षभर पुरवला असता.

मग त्या म्हणाल्या, “खरं काय लिवलंय ते वाचून दावा.” मी एकेका अक्षरावर त्यांचं बोट ठेवून वाचून दाखवलं. नंबर. लान्स नायक. सुभाष भाऊराव ओव्हाळ. त्यांनी ते माझ्यामागून तीनदा म्हटलं, शाळेत म्हणतात तसं.

२०१०च्या सव्वीस जानेवारीला सकाळी सव्वासातला मी शाळेच्या पटांगणात होतो. पल्लवी मॅडमही आल्या होत्या, भुकूमहून स्कूटीवर, थंडीने गारठून. वहिनी निळं काठाचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मेडल उजव्या बाजूला, सरळ. मी लांबूनच बघून घेतलं. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गावच्याच एका तरुणाने माइक घेतला. “आपल्या गावचे शहीद मेजर सुभाष ओव्हाळ यांच्या पत्नी...”

वहिनी उठल्या. नारळ आणि शाल बाजूला ठेवली आणि माइककडे हात केला. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी बाई. त्यांनी माइक धरला, थोडा जास्तच जवळ, त्यामुळे आवाज घुमला.

“मेजर न्हाई. लान्स नायक. लान्स नायक सुभाष भाऊराव ओव्हाळ.”

आणि त्या जाऊन बसल्या. मी सावधान उभा होतो, तसाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी गेटवर सातची हजेरी घेतली. टँकरवाला म्हणाला, “राम राम मेजर.” मी म्हणालो, “हवालदार.” तो हसला. पण तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो. काही जण आता हवालदार म्हणतातही.

शिपाई कदम बरा झाला, नोकरी पूर्ण करून गावी गेला. त्याला दोन मुली आहेत. दर हिवाळ्यात त्याचा मला एक फोन येतो आणि वहिनींना एक. शिपाई रमेश तुकाराम जाधव आणि लान्स नायक सुभाष भाऊराव ओव्हाळ त्या दिवशी पोस्टवर परतले नाहीत. लिलावाच्या वर्णनात मी जे लिहिलं, ते सगळं खरं होतं. पण तिथे जे लिहिता आलं नाही, ते इथे लिहितो. सुभाषने एकाला बाहेर काढलं, आपला कोट त्याच्या अंगावर घातला, आणि थांबायला सांगितलेलं असताना तो दुसऱ्यासाठी परत गेला.