देवघरातला विलायती वड

तानुबाईच्या घरी दूध आलं की आधी तिच्या नखावर उतरायचं. थेंब घसरला तर दूधवाल्याच्या बापापासून चौकशी सुरू, आणि थेंब थांबला तर "आज काऊन बरं चांगलं देल्लं मेल्यानं?" ही वेगळी चौकशी. नांदुऱ्याच्या बाजारात ती तराजूकडे पाहायची नाही, तोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहायची. देवळातला प्रसादही आधी नाकाशी, मग कपाळाशी, मग तोंडात. बाई वाईट नव्हती. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, सगळं नेमानं. दारी आलेला उपाशी गेला नाही. पण विश्वास ठेवायचा तो एका देवावर, आणि देवावरही जरा डोळा ठेवून.

माहेर तिचं मेहकराकडचं. परकर नेसायच्या वयात लग्न होऊन इकडे आली, ती तीन जावांच्या हाताखाली. फुटलं ते तानूनं फोडलं, उतू गेलं ते तानूनं घालवलं, मांजरानं खाल्लं तेही तानूनंच खाल्लं. मग तिनंही डोळे उघडे ठेवायचा नाद लावून घेतला. पुढे जावा वेगळ्या निघाल्या, नवरा देवाघरी गेला, मुलगा शेषराव स्टेशनच्या मालधक्क्यावर चिकटला, घरात सून आली; नाद काही गेला नाही.

त्या घरात एक दिवस शेषराव कुंडी घेऊन आला. स्टेशनाजवळच्या बंगल्यातला गोरा इंजिनियर बदलून चालला होता, आणि जाता जाता त्याच्या मडमेनं हे झाड शेषरावाच्या हवाली केलं होतं. झाड कमरेइतकं. पानं ही एवढी, जाड, चकचकीत, मध्ये आवळलेली आणि वर फुगलेली, सारंगीच्या पोटासारखी.

"माय, हे घरातच ठेवजो म्हणे," शेषराव म्हणाला. "बाहेर ठेवलं तं इकडच्या उन्हानं करपते, अन् बकऱ्या सोडत नाईत."

"घरात कुठं? तुह्या डोक्यावर?"

"जागा पाय कोणतीबी. पण उजेडात ठेवजो, असं म्हणे ते."

तानुबाईनं झाडाला एक फेरी घातली. एक पान वाकवून देठाशी नख लावलं, तसा पांढराशुभ्र चीक टपकन बोटावर आला. तिचे हात जागच्या जागी जोडले गेले.

"अरे बाप्पा! हा तं वडा-उंबराच्या कुळातला हाय. याले काय ओसरीत ठेवतं, जोड्यापाशी?"

"पण माय, उजेड..."

"मंग देवाच्या दिव्यापरस कोणता उजेड मोठा रे?"

शेषरावाला ड्युटी होती. तो गेला, आणि विलायती वड देवघरात गेला.

घर धाब्याचं, मातीच्या जाड सपाट छताचं. उन्हाळ्यात गार, पण अंधारं. देवघराला खिडकी नव्हती. छताला एक झरोका तेवढा होता, पाऊस आला की पालथं गाडगं ठेवून झाकायचा. खाली समईत नंदादीप अखंड. तानुबाईनं कुंडी समईला लागून ठेवली, म्हणजे पानांवर रात्रंदिवस देवाचा उजेड पडावा. दर गुरुवारी औदुंबराला घालतात तसं दूधपाणी घालायला सुरुवात केली. आणि पहिल्याच गुरुवारी हात जोडून ती मोठ्यानं बोलली, "महाराजा, याले नवं पान फुटू दे, अन् माह्या घरी पाळणा हलू दे."

सून विमल चुलीपाशी भाकरी थापत होती. लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा भाकरीवर फिरू लागला.

देवाजवळ बोललेलं देवाजवळ राहिलं असतं तरी बरं होतं. तानुबाईनं ते आडावरच्या बायांनाही सांगितलं. आता गाव झाडाकडे डोळे लावून बसलं. आडावर रोज विचारणा व्हायची, "काय व तानुमाय, फुटलं का पान?"

पान फुटलं नाही. पान गळलं.

खालचं पान, पिवळं पडून, मध्यावर तपकिरी डाग घेऊन. तानुबाईनं ते ताटात ठेवून उलटंपालटं केलं आणि वर पाहिलं. झरोका! शेजारच्या सईद पिंजाऱ्याचं धाबं यांच्या धाब्याला लागून होतं. त्याची बायको नूरजहां रोज वर मिरच्या वाळत घालायची. तिथून चार पावलं टाकली की झरोका, आणि झरोक्यातून थेट देवघर.

"तिनंच पाह्यलं," तानुबाई म्हणाली. "नजर हाय ते. डागच सांगते."

"आत्याबाई, ते कायले पाहीन? तिले आपल्या मिरच्या पुरतात," विमल हळूच म्हणाली.

"तू काऊन तिची वकिली करून राह्यली व?"

त्याच संध्याकाळी शेषरावानं झरोक्यावर पत्रा टाकला, वर दगड ठेवला. देवघर आता पुरतं काळोखी झालं.

दुसरं पान गळलं. मग माजघराच्या खिडकीवर गोणपाट चढलं, कारण रस्त्यानं जाणारे येणारे आत पाहतात. आणखी गळली, तेव्हा देवघराचं दारही लोटलेलं राहू लागलं. कुंडीतून आंबूस वास यायला लागला, मातीला मुंग्या लागल्या. तानुबाईनं माती हुंगली आणि पदर नाकाला लावला. कोणीतरी कुंडीत काहीतरी टाकत होतं! आपण दर गुरुवारी दूध टाकतो, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. दूध तर देवाचं.

आता बाहेरची माणसं संपली. पत्रा बंद, खिडकी बंद, दार बंद. उरलं कोण? तिची नजर सुनेवर गेली आणि तिथंच बसली. विमल देवघरात शिरताना डावा पाय आधी टाकते का? फुलं ठेवताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटते? त्या दिवशी झाडाकडे पाहून तिनं उसासा काऊन टाकला? एकदा विमल दाराच्या फटीपाशी उभी राहून झाडाकडे टक लावून पाहताना सापडली.

"काय पाहून राह्यली?"

"काई नाई आत्याबाई. हे सारंच्या सारं फटीकडे वाकलं. म्हणून..."

"म्हणून काय?"

"काई नाई."

त्या 'काई नाई'नं तानुबाईची खात्री पटली. जेवताना तिनं शेषरावाला सांगितलं, "सासऱ्याले निरोप धाड. म्हणावं, पोरगी घेऊन जा. ज्या घरात देवाचं झाड तिच्या पायगुणानं वाळते, तठी वंश काय वाढते?"

"अव माय, झाड ते झाड..."

"तू गप. दिवाळी झाली की ये म्हणावं."

शेषरावानं ताटातली भाकरी संपवली. विमलनं ताटं उचलली. तिची पत्र्याची पेटी आत फळीवर होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती खाली काढून पुसली.

दिवाळी झाली. कार्तिकात दुपारी मारुतीच्या देवळात पोथी असायची, आणि तानुबाई ती चुकवायची नाही. पण घर सुनेवर टाकून जायचं तर बंदोबस्त हवा. निघताना ती चिमटीतून बारीक रांगोळी सोडून कुंडीभोवती रेघ ओढायची, एक रेघ उंबऱ्यावरही. कोणी आत पाऊल टाकलं की रेघ फिसकटलीच पाहिजे.

परत आली की आधी रेघ पाहायची. रोज शाबूत. उंबऱ्यावरची शाबूत, कुंडीभोवतीची शाबूत. तिला जरा वाईटच वाटायचं.

आणि एक दिवस तिला दिसलं, की रेघ शाबूत असूनही झाड बदललं होतं. वाकलेलं होतं ते सरळ झालं होतं. पानांना तकाकी आली होती. मुंग्या तशाच होत्या, पण पान म्हणून एकही गळलं नव्हतं. दुसरी कोणी बाई असती तर तिनं गूळ वाटला असता. तानुबाई भिंतीला टेकून बसली. दार बंद, रेघ जागेवर, कोणी आत आलं नाही, आणि झाड बदललं. म्हणजे हे माणसाचं काम नव्हे. भानामतीच! मरता मरता झाड का सुधारावं? यात कोणाचा डाव?

हिंमतराव, विमलचे वडील, संग्रामपुराहून आले तो दिवस याच विचारात उजाडला. साधा माणूस, डोक्याला पटका, हातातून न सुटणारी काठी. ऐन पोथीच्या वेळेला येऊन ओसरीवर बसले. पेटी त्यांच्या बाजूला आणून ठेवलेली. शेषराव ड्युटीवर निघून गेलेला.

"ईनबाई, माह्या पोरीचा कसूर तं सांगा," ते म्हणाले. "आडावर पाणी भरू दे ना का शेतात जाऊ दे, तिच्या तोंडून कोणाले वावगा शब्द नाई गेला. चार लोकं इचारतीन, त्याहिले काय सांगू?"

"कसूर दाखवतो. डोयानं पाहा," तानुबाई उठली. "बसा."

सकाळीच दिव्याच्या उजेडात तिनं एक गोष्ट हेरली होती. झाडाच्या शेंड्याला, अगदी टोकाशी, तपकिरी कागदासारखी एक टोकदार पुडी चिकटलेली होती. परवा नव्हती. असल्या पुड्या करणीच्या असतात, हे तिनं ऐकलं होतं. ती खुडायची, ओसरीवर आणून व्याह्याच्या पुढ्यात टाकायची, मग बोलायला जागाच नको.

तिनं देवघराचं दार उघडलं, सकाळीच ओढून ठेवलेली उंबऱ्यावरची रेघ ओलांडली, दार मागं लोटलं, देवाला नमस्कार केला, रामराम म्हणत पुडीला चिमूट घातली. चिमूट आवळणार, तेवढ्यात डोक्यावर खरखर झाली.

दगड सरकला. पत्रा उचलला गेला. कार्तिकाचं पांढरंशुभ्र ऊन धबकन देवघरात उतरलं, तानुबाईच्या पदरावर, कुंडीवर, सगळ्या झाडावर. समईची ज्योत त्यात दिसेनाशीच झाली. आणि वरून बांगड्यांच्या आवाजासकट बोलणं आलं:

"विमल, ए विमल! गेली का वं बुढी पोथीले? आज काऊन इतकी चुपचाप?"

"बुढी अठीच हाय!" तानुबाई म्हणाली.

वर बांगड्या खळकन वाजल्या. मग पत्रा घाईघाईनं पुन्हा सरकू लागला.

"झाकू नको! राहू दे तसंच."

तानुबाईची चिमूट अजून शेंड्यावरच होती. लख्ख उजेडात तिनं वाकून पाहिलं. तपकिरी पुडी एका बाजूनं उकलली होती, आणि आतून हिरवं, कोवळं, घडी घातलेलं पान डोकावत होतं. निखाराच धरल्यासारखी तिनं बोटं मागे घेतली.

विमल धावत आली होती आणि दारातच थबकली होती, अंगठा रांगोळीच्या रेघेला लागू न देता.

"किती दिसापासून चाललं हे?"

"तुम्ही पोथीले जाता तेव्हापासून," विमल म्हणाली. "झाड सारखं फटीकडे वाकून राह्यलं होतं, आत्याबाई. मले वाटलं, त्याले ऊन पाह्यजे. मी आत नाई आली. नूरजहांले म्हटलं, तू वरून पत्रा काढत जा, अन् आत्याबाई यायच्या आधी टाकत जा."

"अन् हे मले सांगाले काय तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं असतं तं तुम्ही इचारलं असतं, तुले कसं ठाऊक?"

तानुबाईनं तोंड उघडलं होतं. नेमकं तेच विचारायला. ते तिनं मिटलं.

झरोक्यातून नूरजहांचं तोंड दिसलं, उलटं. "तानुमाय, अल्ला कसम, माही नजर फक्त मिरचीवर असते. अन् तेवढं दूध टाकनं बंद करा हो. वरलोक आंबट बास येते."

"तू आपल्या मिरच्या पाय!" तानुबाई म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. तिनं देवाकडे पाहिलं. नवस तिचाच, आणि पान तिच्या समोर. आता हिला पाठवून दिलं तर देव काय म्हणेल, हा एक प्रश्न. आणि आडावर काय सांगायचं, हा दुसरा. दोन्ही प्रश्न तिनं बराच वेळ मनात फिरवून पाहिले. कुठूनच वाट निघेना.

ती ओसरीवर आली. हिंमतराव काठी घेऊन उभे राहिले.

"व्याहीबुवा, कार्तिकात कोणी सून बाहेर धाडते का?"

हिंमतराव पाहतच राहिले. "मंग मले बलावलं कायले, ईनबाई?"

"जेवाले. वांग्याचं भरीत हाय."

"अन् कार्तिक सरल्यावर?"

"मार्गशीर्ष तं देवाचाच महिना. पौषात पाय बाहेर काढू नये. पुढचं पुढं पाहू. हातपाय धुवा."

हिंमतरावांनी भरीत दोनदा मागून घेतलं, आणि ऊन कलल्यावर एकटेच निघाले. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. विमलनं पदरानं डोळे टिपले आणि पेटीची कडी धरून ती आत ओढू लागली.

"थांब, मी धरतो," म्हणत तानुबाईनं दुसरी कडी धरली. दोघींनी पेटी फळीखाली सरकवली. पेटी बरीच जड लागली. आत काय काय भरलंय, हे उद्या विचारायचंच, असं तानुबाईनं ठरवलं, आणि मिरच्या उचलून नूरजहां पत्रा बरोबर झाकते की नाही, ते पाहायला देवघरात गेली.